बिनतारी घर – लेखांक ६ : हब घरच्या घरी

दारावरचा सेन्सर झिग्बी या बिनतारी पद्धतीवर चालतो, प्लग वायफायवर, आणि एसी आपल्या रिमोटच्या इन्फ्रारेडखेरीज कशालाच दाद देत नाही. दार उघडे राहिले तर एसी बंद व्हावा, एवढ्या साध्या कामासाठीही या मंडळींमध्ये कोणीतरी दुभाषा लागतो. तोच हब. तो दुकानातून तयार आणलेला असो की घरी जुळवलेला, त्यात तीन गोष्टी असतात : संदेश घेणारा-देणारा रेडिओ, दिवसरात्र चालू राहणारा छोटा संगणक, आणि कोणत्या घटनेवर काय करायचे हे ठरवणारे सॉफ्टवेअर.

तयार हब सोडून ही खटपट कशासाठी, याचे उत्तर पैशात शोधू नये. सगळा हिशेब केला तर घरचा हब तयार हबइतकाच, कधी थोडा महागही पडतो. प्रश्न निर्णय कुठे होतो हा आहे. बऱ्याच तयार हबचे काम कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून असते. अमेरिकेत सुमारे ३०० डॉलरला विकला गेलेला रिव्हॉल्व हा हब, कंपनी नेस्टच्या ताब्यात गेल्यावर मे २०१६ मध्ये सर्व्हरसकट बंद करण्यात आला. यंत्रात काही बिघाड नव्हता, पण ते निरुपयोगी झाले. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑनचे सर्व्हर असेच एकाएकी थांबले. पुढे जुन्या ग्राहकांच्याच एका गटाने कंपनी घेऊन सेवा सुरू केली, हा अपवादच म्हणायचा. घरच्या हबमध्ये सेन्सरपासून दिव्यापर्यंतचा सगळा व्यवहार घराच्या चार भिंतींत होतो. इंटरनेट गेले तरी जिन्यातला दिवा लागतोच.

संगणकासाठी सर्वांत प्रचलित निवड रास्पबेरी पायची. पाय ४ किंवा पाय ५ यांपैकी कोणताही या कामाला पुरून उरतो. ऑफिसातून निघालेला जुना मिनी पीसीही उत्तम चालतो, फक्त वीज थोडी जास्त खातो. पायला सर्वसाधारण कामात पाचेक वॉट लागतात, म्हणजे महिन्याला साडेतीन ते चार युनिट. पायबाबत दोन गोष्टींत मात्र काटकसर करू नये. पहिली पॉवर सप्लाय : पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअर लागतात, पाय ५ ला ५ अँपिअरचा सप्लाय सुचवलेला आहे. मोबाइलचा पडून असलेला चार्जर लावला की पाय चालतो, पण मधूनच अडखळतो, आणि दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. दुसरी गोष्ट साठवण. हब प्रत्येक सेन्सरची नोंद सतत लिहीत असतो आणि मायक्रो एसडी कार्ड अशा सततच्या लिखाणासाठी बनलेले नाही. लिहिता लिहिता लाइट गेली तर कार्डावरची फाइल अर्धवट राहून यंत्रणा सुरूच न होण्याची पाळी येते. यूएसबीने जोडलेली छोटी एसएसडी हा त्यावरचा उपाय. घरात इन्व्हर्टर असला तरी तो बॅटरीवर जाताना क्षणभर खंड पडतो आणि तेवढ्यात पाय रीस्टार्ट होतो. इन्व्हर्टरला यूपीएस मोड असेल तर तो निवडावा, नसेल तर हब आणि वायफाय राउटर या दोघांसाठी छोटा यूपीएस घ्यावा.

रेडिओचा भाग सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत त्रासदायक. झिग्बी ज्या मानकावर उभे आहे ते आयईईई ८०२.१५.४ हे मानक २००३ चे. त्याचा वेग सेकंदाला २५० किलोबिट, म्हणजे वायफायपुढे नगण्य; पण दाराच्या सेन्सरला ‘उघडले’ आणि ‘मिटले’ याखेरीज काही सांगायचे नसते, आणि या कमी बोलण्यामुळेच नाण्याएवढ्या सेलवर तो महिनोन्महिने चालतो. हबच्या संगणकाला यूएसबीवर झिग्बी डोंगल लावले की तो घरातल्या झिग्बी उपकरणांच्या जाळ्याचा समन्वयक बनतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची सीसी२६५२ किंवा सिलिकॉन लॅब्सची ईएफआर३२ ही चिप असलेली डोंगल भारतात ऑनलाइन मिळतात आणि दोन्ही भरवशाची आहेत.

हे डोंगल थेट पायच्या निळ्या यूएसबी ३ पोर्टमध्ये खोचणे हा नवशिक्यांचा ठरलेला घोटाळा. यूएसबी ३ ची वेगवान तार चालू असताना नेमक्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट सोडते. इंटेलने २०१२ मध्येच यावर तांत्रिक टिपण प्रसिद्ध केले होते. त्या गोंगाटात झिग्बीचा क्षीण संदेश बुडून जातो. एसएसडी यूएसबी ३ वर असली तर हमखासच. डोंगल काळ्या यूएसबी २ पोर्टमध्ये, मीटरभर लांबीच्या एक्स्टेन्शन केबलने दूर न्यावे. शेदीडशे रुपयांच्या या केबलने जितक्या तक्रारी मिटतात तितक्या कोणत्याही सेटिंगने मिटत नाहीत.

त्यानंतर चॅनेल. झिग्बीचे २.४ गिगाहर्ट्झमध्ये ११ ते २६ असे सोळा चॅनेल आहेत, आणि त्याच पट्ट्यात वायफायही नांदते. वायफायचा एकेक चॅनेल झिग्बीच्या चार चॅनेलना झाकून टाकतो. वायफाय १, ६ आणि ११ यांच्यामधल्या फटींत झिग्बीचे १५ आणि २० बसतात, आणि २५ व २६ हे वायफाय ११ च्या पलीकडे राहतात. पैकी २६ वर काही उपकरणे कमी शक्तीने बोलतात, म्हणून तो टाळलेला बरा. घरचे वायफाय १ वर पक्के करून झिग्बी २० किंवा २५ वर ठेवणे ही सोयीची जोडी. राउटर ‘ऑटो’वर ठेवला तर तो आपल्या मर्जीने चॅनेल बदलतो आणि काल चालणारा सेन्सर आज का रुसला याचा पत्ता लागत नाही. चॅनेल अगदी सुरुवातीलाच ठरवावा. नंतर बदलला तर काही उपकरणे पुन्हा जोडावी लागतात.

झेड-वेव्ह या दुसऱ्या पद्धतीबद्दल थोडक्यात. ती गिगाहर्ट्झच्या खालच्या पट्ट्यात चालते आणि तो पट्टा देशागणिक वेगळा आहे. भारतासाठी ८६५.२ मेगाहर्ट्झ, युरोपात ८६८.४, अमेरिकेत ९०८.४. अमेरिकेतल्या भावाने किंवा मुलीने सुटकेसमधून आणलेले स्वस्त झेड-वेव्ह बटण पुण्यातल्या हबशी बोलणारच नाही. शिवाय ती वारंवारिता इथे विनापरवाना वापरताही येत नाही. झिग्बीची अडचण नाही, २.४ गिगाहर्ट्झ सगळीकडे तेच.

सॉफ्टवेअरमध्ये होम असिस्टंटला तूर्त तोड नाही. पौलस स्खाउट्सन यांनी २०१३ मध्ये स्वतःचे ह्यू दिवे चालवण्यासाठी लिहिलेल्या पायथन प्रोग्रॅममधून ते वाढले, मुक्त स्रोत राहिले, आणि २०२४ पासून ओपन होम फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे आहे. त्याची प्रतिमा एसएसडीवर उतरवून पाय सुरू केला की काही मिनिटांत ब्राउझरमध्ये, ८१२३ या पोर्टवर, स्वागताचे पान दिसते. झिग्बीसाठी पुढे दोन वाटा आहेत. झेडएचए हा होम असिस्टंटचाच अंगभूत भाग, सोपा. झिग्बी२एमक्यूटीटी थोडे किचकट, पण नाना कंपन्यांची हजारो उपकरणे ओळखणारे. दहा-बारा उपकरणांच्या घराला पहिली वाट पुरते.

दुसऱ्या वाटेतले एमक्यूटीटी १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लन निपर यांनी तेलाच्या पाइपलाइनवर उपग्रहाद्वारे लक्ष ठेवण्यासाठी घडवले. उपग्रहाची जोडणी महाग आणि बेभरवशाची, म्हणून संदेश जमेल तितका लहान. सेन्सर ‘गच्ची/टाकी’ या विषयाखाली ‘रिकामी’ एवढेच कळवतो; ज्याला तो विषय हवा त्याने मध्यस्थ ब्रोकरकडे नाव नोंदवून ठेवलेले असते आणि ब्रोकर संदेश पोचता करतो. घरच्या हबमध्ये मॉस्किटो नावाचा ब्रोकर हे काम त्याच पायवर करतो.

उपकरणे जोडण्याला क्रम असतो. झिग्बीत विजेवर चालणारे प्लग, बटणामागे बसणारे रिले आणि दिवे दुसऱ्यांचे संदेश पुढे ढकलतात. सेलवर चालणारे सेन्सर फक्त आपले सांगून झोपी जातात. म्हणून आधी विजेवरची उपकरणे त्यांच्या कायमच्या जागी लावून जोडावीत, सेन्सर मागून. मोकळ्यावर शंभर मीटर म्हणून सांगितला जाणारा पल्ला विटांच्या भिंती आणि आरसीसी स्लॅब यांत दहा-पंधरा मीटरवर येतो. आपल्याकडे आणखी एक अडसर आहे : बोर्डामागचा लोखंडी बॉक्स. त्याच्या आत बसवलेल्या रिलेचा आवाज बाहेर पोचायलाच झगडतो; प्लास्टिकच्या बॉक्समध्ये हाच रिले निमूट काम करतो. सोय एक आहे. आपल्या बोर्डात बहुधा एखादा सॉकेट असतोच, त्यामुळे रिलेला लागणारे न्यूट्रल शोधायला भिंत फोडावी लागत नाही. हे काम मेन स्विच बंद करून, जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावे.

स्मार्ट बल्ब आणि स्मार्ट रिले यांत आपल्या घरांना रिले जास्त मानवतो. बल्ब लावला आणि कोणी सवयीने भिंतीवरचे बटण बंद केले की बल्ब जाळ्यातून उठून जातो आणि त्याच्यामार्फत बोलणारे सेन्सरही मुके होतात. रिले बटणाच्या मागे राहतो. आजींनी बटण दाबले तरी दिवा लागतो आणि फोनवरूनही लागतो. वीज परत आल्यावर उपकरणाने कोणत्या स्थितीत उठायचे हेही ठरवून ठेवावे. अनेक बल्ब वीज येताच पूर्ण उजेडात लागतात. पहाटे तीनला लाइट आली की सगळे घर जागे.

स्वयंचलनाचा खरा कस पाण्याच्या टाकीवर लागतो, कारण तिथे चूक झाली तर पाणी आणि मोटर दोन्ही जातात. गच्चीवरच्या टाकीत आणि खालच्या टाकीत एकेक फ्लोट स्विच सोडून त्यांच्या तारा झिग्बीच्या साध्या संपर्क-सेन्सरला जोडल्या की पातळी हबला कळते. गच्ची आणि तळमजला यांच्यामध्ये दोन स्लॅब येत असतील तर जिन्यात एखादा झिग्बी प्लग ठेवून संदेशाला टप्पा द्यावा. नियम असा : वरची टाकी रिकामी आणि खालच्या टाकीत पाणी असेल तरच मोटर सुरू, वरची भरली, किंवा खालची संपली, किंवा ठरलेली वेळ उलटली, की बंद. ही वेळ टाकी भरायला प्रत्यक्षात लागणाऱ्या वेळेपेक्षा थोडीच जास्त ठेवावी.

एवढ्यावर मोटर हबच्या हाती देऊ नये. एक अश्वशक्तीची मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. त्याने छोट्या रिलेचे संपर्क चिकटतात, आणि चिकटलेला रिले ‘बंद’चा हुकूम मानत नाही. रिलेने फक्त कॉन्टॅक्टर या दणकट स्विचची कॉइल चालवावी, मोटरचा भार कॉन्टॅक्टरने उचलावा. टाकी भरली की प्रवाह तोडणारा जुना तारेचा फ्लोट स्विचही कॉइलच्या वाटेत तसाच राहू द्यावा, म्हणजे हब झोपला तरी गच्चीवरून धबधबा सुरू होत नाही. रिलेमध्येच आपोआप बंद होण्याची उलटी मोजणी लावता येते, तीही लावावी; ‘बंद’चा संदेश वाटेत हरवला तर ती उपयोगी पडते. सेन्सरचा सेल संपून तो ‘अनुपलब्ध’ दिसू लागला, तर नियमाने त्याचा अर्थ ‘मोटर बंद’ असाच घ्यायला हवा. वीज परतल्यावर हा रिले बंद स्थितीतच उठला पाहिजे.

बाहेरगावाहून घर पाहण्यासाठी वायफाय राउटरवर ८१२३ हे पोर्ट सताड उघडणे धोक्याचे. व्हीपीएन किंवा होम असिस्टंटची वर्गणीची सेवा हे दोन मार्ग बरे. हबचा पासवर्ड वायफायच्या पासवर्डहून वेगळा ठेवावा. वायफायचा पासवर्ड पाहुण्यांना दिलेला असतो.

बॅकअप रोज आपोआप घेण्याची सोय होम असिस्टंटमध्ये आहे, आणि २०२५ पासून तो कुलूपबंद असतो. ते उघडणारी किल्ली कागदावर लिहून कपाटात ठेवावी. झिग्बीच्या जाळ्याची १२८ बिटांची गुप्त किल्लीही त्या बॅकअपमध्येच असते. फाइल हबबाहेर, पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या संगणकावर हवी. ती नसताना एसएसडी गेली, तर घरातले प्रत्येक उपकरण शिडी लावून, बोर्ड उघडून, एकेक करून पुन्हा जोडावे लागते.

(पुढील लेखांकात : मॅटर आणि थ्रेड)