पुन्हा सुरू झालेले हृदय आणि मेंदूचा रक्तपुरवठा

मुंबईहून नागपूरकडे जाणारी आगगाडी बडनेरा सोडून धामणगावच्या दिशेने निघाली की वाटेत चांदूर लागते. अमरावती जिल्ह्यात चांदूर बाजार नावाचे दुसरेही तालुक्याचे गाव असल्यामुळे या गावाच्या नावाला रेल्वे हा शब्द कायमचा चिकटला आहे. गावात ग्रामीण रुग्णालय आहे. परंतु अतिदक्षतेची सर्व साधने हवी असतील तर अमरावती गाठावी लागते, आणि ते अंतर सुमारे ३० किलोमीटरचे आहे. अशा गावी एखाद्या गृहस्थाची हृदयक्रिया अकस्मात बंद पडावी, जवळच्या माणसांनी छाती दाबून आणि डॉक्टरांनी विजेचा झटका देऊन ती पुन्हा चालू करावी, नाडी हाताला लागावी, म्हणजे घरच्या मंडळींस वाटते की संकट टळले. वस्तुतः संकटाचा एक अंक संपून दुसरा सुरू झालेला असतो. हृदय परत आले खरे. पण मेंदू परत येईल की नाही, हे पुढील काही तासांत ठरू लागते, आणि त्यातला पहिला अर्धा-पाऊण तास अमरावतीच्या रस्त्यावरच जातो.

मेंदू हे शरीरातील मोठे खर्चिक इंद्रिय होय. त्याचे वजन शरीराच्या वजनाच्या शेकडा २ इतकेच; पण विसावलेल्या माणसाच्या शरीरात खर्च होणाऱ्या एकूण प्राणवायूपैकी सुमारे पाचवा हिस्सा तो एकटा घेतो. बरे, एवढा खर्च असून शिल्लक म्हणावी तर जवळजवळ नाहीच. स्नायूंच्या पोटी थोडा साठा असतो, यकृताजवळ तर भरपूर. मेंदू मात्र रोज आणून रोज खाणारा. रक्त थांबल्यापासून दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते, आणि चार-पाच मिनिटांनंतर त्याच्या नाजूक पेशींना कायमची इजा होऊ लागते.

छाती बाहेरून दाबून रक्त फिरते ठेवता येते, हे अमेरिकेतील बाल्टिमोर येथील कूवेनहोवेन, ज्यूड व निकरबॉकर या तिघांनी १९६० साली जगापुढे मांडले. तोपर्यंत हृदय चोळायचे म्हणजे छाती फाडावी लागे. त्याच सुमारास कृत्रिम श्वासोच्छ्वासाची नवी पद्धत रूढ करणारे पीटर सफर यांनी पुढे आग्रह धरला की या साऱ्या खटाटोपाचे लक्ष्य हृदय नसून मेंदू आहे, आणि उपचाराच्या नावातच मेंदूचा उल्लेख असला पाहिजे. हा आग्रह केवळ शाब्दिक नव्हता. उत्तम रीतीने छाती दाबली तरी नेहमीच्या रक्ताभिसरणाचा पाव ते एक तृतीयांश भागच साधतो. तेवढ्यावर मेंदू तग धरतो, पण उपाशीच राहतो.

तरीही तो तग किती मोलाचा, याचे उदाहरण मराठी प्रेक्षकांच्या चांगल्या परिचयाचे आहे. डिसेंबर २०२३ मध्ये नट श्रेयस तळपदे यांना मुंबईत हृदयविकाराचा झटका आला. आपले हृदय सुमारे दहा मिनिटे थांबले होते आणि छाती दाबून व विजेचे झटके देऊन ते पुन्हा सुरू करण्यात आले, असे त्यांनीच पुढे मुलाखतीत सांगितले. ते काही दिवसांत घरी आले व पुन्हा कामालाही लागले. मधल्या मिनिटांत छातीवर कोणाचे हात नसते तर ही गोष्ट निराळी झाली असती.

आता रक्तदाबाचा प्रश्न येतो. निरोगी माणसात रक्तदाब थोडा चढला किंवा उतरला तरी मेंदूकडे जाणारे रक्त जवळजवळ तेवढेच राहते. डेन्मार्कचे नील्स लासेन यांनी १९५९ साली ही गोष्ट आलेखाने दाखवून दिली. वऱ्हाडातल्या विहिरीवरच्या ओलिताची कल्पना केली असता ती चटकन ध्यानात येईल. पाटाला पाणी कमी आले की जाणता गडी वाफ्याचे तोंड रुंद करतो, जास्त आले की मातीचा बांध घालून ते अरुंद करतो. वाफ्याला पाणी मोजकेच मिळते. मेंदूच्या सूक्ष्म धमन्या हेच काम आपण होऊन करीत असतात. मात्र पाटातले पाणी एका मर्यादेखाली गेले, तर तोंड कितीही रुंद करून काय उपयोग? ज्याचा रक्तदाब वर्षानुवर्षे वाढलेला आहे, त्याच्या बाबतीत ही खालची मर्यादा बरीच वर सरकलेली असते. एकाला पुरणारा दाब दुसऱ्याच्या मेंदूला तोकडा पडतो, तो यामुळे.

हृदय थांबून पुन्हा चालू झाल्यावर हा पाणी वळणारा गडीच बेशुद्ध पडतो, असे म्हणावयास हरकत नाही. कोपनहेगन येथील डॉक्टरांनी २००१ साली अशा १८ रुग्णांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी १३ जणांत ही नियमनशक्ती एक तर लोपली होती किंवा तिची खालची मर्यादा वर गेली होती. अशा मेंदूला मिळणारे रक्त मग थेट रक्तदाबावर अवलंबून राहते. भरीस भर अशी की रक्त काही काळ अडले म्हणजे सूक्ष्म वाहिन्यांचे मार्ग जागोजाग तुंबतात, आणि मोठ्या धमनीत प्रवाह आला तरी आतल्या भागात तो पोचतोच असे नाही. आणि नेमक्या याच वेळी रक्तदाब कोसळण्याकडे कल असतो. कारण थांबून सुरू झालेले हृदय दमलेले, जणू बधिर असते, आणि सर्व अंगाच्या रक्तवाहिन्या सैल पडलेल्या असतात. हा बधिरपणा पुष्कळदा दोन-तीन दिवसांत ओसरतो. पण मेंदूला तितकी उसंत नसते.

यावरून असा तर्क सहज निघतो की रक्तदाब मुद्दाम चढता ठेवावा, म्हणजे मेंदू लवकर सावरेल. तर्क मोठा सुबक आहे, आणि पुष्कळ वर्षे अनेक जाणत्या वैद्यांचा ओढा त्याच्याकडे होता. परंतु त्याची कसोटी डेन्मार्कमध्ये पाहण्यात आली तेव्हा निकाल निराळा लागला. त्या प्रयोगाची रीत सांगण्याजोगी आहे. रक्तदाबाची यंत्रे बुद्ध्याच थोडी चुकती लावलेली होती. पडद्यावर सर्वांचाच आकडा ७० ठेवण्याचा यत्न होई. प्रत्यक्षात काहींचा सरासरी दाब ६३ च्या व काहींचा ७७ च्या धोरणाने राखला जाई, आणि कोणाचा कोणता हे शुश्रूषा करणाऱ्यांनाही ठाऊक नसे. ७८९ रुग्णांवरचा हा प्रयोग २०२२ साली प्रसिद्ध झाला. ९० दिवसांच्या आत मृत्यू पावलेले किंवा मेंदूच्या भारी अपंगत्वानिशी उरलेले रुग्ण वरच्या दाबाच्या गटात शेकडा ३४ आणि खालच्या दाबाच्या गटात शेकडा ३२ निघाले. म्हणजे फरक नाहीच. त्याआधी बेल्जममध्ये ११२ रुग्णांवर झालेल्या प्रयोगातही असेच दिसले होते: दाब वाढविल्याने मेंदूतील प्राणवायूचे मान सुधारले, पण मेंदूची इजा त्यामुळे कमी झाल्याचे आढळले नाही.

येथे सरासरी दाब म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. खालच्या आकड्यात दोन्ही आकड्यांमधील अंतराचा तिसरा हिस्सा मिळविला की तो सुमाराने निघतो. १२० वर ८० असेल तर सरासरी ९३. ९० वर ५२ असेल तर सुमारे ६५. अमेरिकेतील २०२० च्या आणि युरोपातील २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी हा ६५ चा आकडाच खालची सीमा म्हणून धरला.

मग दाबाचे महत्त्व संपले काय? मुळीच नाही. प्रयोगांनी एवढेच दाखविले की पुरेशा दाबावर आणखी दाब चढविल्याने सरसकट सर्वांचे हित होत नाही. दाब पुरेसा नसला तरी चालेल असे त्यांनी कोठेही म्हटलेले नाही. आधीच दमलेल्या हृदयावर औषधांनी जोर करून दाब चढविणे म्हणजे थकल्या बैलाला पराणी लावण्यासारखे आहे. त्याचीही किंमत मोजावी लागते. उलट दाब घसरत असता स्वस्थ बसणे याला मात्र कोणतीच सबब नाही. या घसरणीला अमरावतीचा रस्ता हे हमखास ठिकाण. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. ती निघण्यापूर्वी दंडात सलाईनची सुई पक्की बसलेली असणे, दाब उतरू लागल्यास द्यावयाचे औषध हाताशी असणे, आणि वाटेत दर काही मिनिटांनी दाब मोजून लिहून ठेवणे, या गोष्टी दिसावयास किरकोळ असल्या तरी त्यांवर पुष्कळ काही अवलंबून असते.

घरच्यांनी करावयाचे असेही काही आहे. पहिली गोष्ट म्हणजे छाती दाबावयास शिकणे. छातीच्या मधल्या हाडावर, मिनिटास १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल. तोंडाने श्वास देण्याचा संकोच सामान्य माणसास वाटतो, हे ओळखून भारतीय भूलतज्ज्ञांनी २०१७ साली केवळ छाती दाबण्याची सुटसुटीत पद्धत सर्वांसाठी सुचविली. दुसरी गोष्ट, रुग्णाच्या नेहमीच्या रक्तदाबाची चिठ्ठी आणि औषधांच्या पुड्या त्याच्याबरोबर गाडीत ठेवणे. नेहमी १६० वर १०० असणाऱ्या माणसास ९० वर ५२ पुरेल की नाही, याचा विचार डॉक्टरास करता यावा, तर त्याला ही माहिती मिळाली पाहिजे. आणि बेशुद्ध रुग्ण ती सांगू शकत नाही.

तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या ओसरीवर आप्तेष्ट एकच प्रश्न विचारतात: "डोळे उघडतील का?" या प्रश्नाला ७२ तासांच्या आत ठाम नकार देऊ नये, असा संकेत आहे. झोपेची औषधे अंगात भिनलेली असतात, ताप मेंदूला त्रास देत असतो, आणि मूत्रपिंडे मंदावली असली तर औषधे उतरावयास आणखीच वेळ लागतो. बुबुळांची उजेडाला होणारी हालचाल, मेंदूच्या विजेचा आलेख, मेंदूची छायाचित्रे, अशी अनेक लक्षणे एकत्र जुळवून मगच मत द्यावयाचे असते. कोणतेही एक लक्षण एकट्याने विश्वासास पात्र ठरत नाही. काही रुग्ण चौथ्या-पाचव्या दिवशी, कधी त्याहूनही उशिरा, हाकेला ओ देतात.