पिठले-भाकरी, मऊ भात आणि माया: सोलापूर रस्त्यावरच्या खाण्याचा आढावा

ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून निघणारी संत तुकाराम महाराजांची पालखी पुण्यातला मुक्काम आटोपून हडपसरला पोहोचते, तेव्हा ज्ञानेश्वर माउलींची पालखी सासवडसाठी दिवे घाटाची वाट धरते आणि तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याने पुढे निघून लोणी काळभोरला विसावते. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी 1685 मध्ये या पालखी सोहळ्याची रीत घालून दिली. पुणे सोडल्यावरचा पहिला मुक्काम लोणी काळभोरला आणि त्यापुढचा यवतला, हा क्रम हवेली आणि दौंड तालुक्यांतल्या घराघरांना पाठ असतो. वारीच्या वाटेवर ठिकठिकाणी अन्नदान होते, परंतु यवतच्या मुक्कामी होणारा पाहुणचार विशेष प्रसिद्ध आहे, कारण तेथे पक्वान्नाऐवजी पिठले-भाकरी वाढली जाते. भाकऱ्या घरोघरी भाजल्या जातात, पिठले मोठाल्या कढयांतून शिजते आणि दिवसभर चालून आलेल्या वारकऱ्याला ‘माउली’ म्हणून हाताला धरून पंगतीत बसवले जाते. महाराष्ट्रात खाण्यातून माया कशी व्यक्त होते आणि ती माया अंगाला मानवणारी का असते, याचा विचार करायचा तर या पंगतीइतकी चांगली जागा दुसरी नाही.

दमलेल्या माणसाला जड आणि तेलकट जेवण सोसत नाही, आणि नुसत्या हलक्या खाण्याने दुसऱ्या दिवशीची चाल निभत नाही. पिठले-भाकरी या दोन्ही अडचणींवर एकदम उपाय करते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटकांच्या तक्त्यांनुसार 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम, तर तितक्याच हरभरा डाळीत सुमारे 21 ग्रॅम प्रथिने असतात, पण केवळ या आकड्यांवरून या जोडीचे मोल कळत नाही. प्रथिने ज्यांची बनलेली असतात त्या अमिनो आम्लांपैकी लायसिन हे आम्ल तृणधान्यांत कमी पडते आणि मेथिओनिन डाळींत कमी पडते, त्यामुळे दोन्ही एकाच ताटात आली की एकीची उणीव दुसरी भरून काढते. बुक्कीने फोडलेला कांदा आणि लसणाचा ठेचा हीदेखील केवळ तोंडी लावण्याची गोष्ट नव्हे. धान्ये आणि कडधान्ये यांतील फायटेट नावाचा घटक लोह बांधून ठेवतो व शरीराला मिळू देत नाही, आणि कांदा-लसणाच्या सोबतीने त्याच धान्यांतले लोह आणि जस्त अधिक प्रमाणात मोकळे होते, असे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील प्रयोगांत आढळले आहे. ज्यांनी ही जोडी लावली त्यांना यातले रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, परंतु शेतावर राबणाऱ्या माणसाच्या पोटाला कशाने आधार मिळतो, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले होते.

भाकरी करणे हे हातकसबाचे काम आहे आणि त्यातली मायाही बरीचशी या कसबातच आहे. गव्हाच्या पिठात पाणी घातले की त्यातील चिवट प्रथिनांची जाळी, म्हणजे ग्लूटेन, तयार होते आणि कणीक आपोआप एकसंध राहते. ज्वारी-बाजरीत हे ग्लूटेन नसल्यामुळे तेथे सगळी भिस्त पिठाच्या ताजेपणावर आणि हातावर असते. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते, म्हणजे चिकटपणा सरतो, मग थापताना भाकरीच्या कडा फाटतात आणि करणारी ऊन पाणी घालून पीठ मळते, कारण कढत पाण्याने पिठातला स्टार्च थोडा शिजून चिकट होतो. बाजरीत स्निग्धांश अधिक असल्याने तिचे पीठ थोड्याच दिवसांत कडवट होते, म्हणून थंडीतही ते बेताबेतानेच दळून आणतात. परातीत एका वेळी एकाच भाकरीचा उंडा घेऊन तळहाताच्या टाचेने रगडून मळायचा, कोरड्या पिठावर गोल थापायचा, दोन्ही हातांवर तोलून तव्यावर टाकायचा, वरच्या अंगाला पाणी फिरवायचे, ते सुकू लागताच भाकरी उलटायची आणि शेवटी विस्तवावर शेकून टम्म फुगवायची, हा क्रम एकेका भाकरीसाठी पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. पापुद्रा सुटलेली भाकरी ताटात पडताच खायची असते, त्यामुळे खाणारा बसलेला आणि करणारी चुलीपाशी, अशीच मांडणी होऊन बसते, आणि या मांडणीचा विचार पुढे करावाच लागेल.

पिठल्याचेही पोटभेद आहेत. हिंग, मोहरी, हळद, लसूण आणि हिरवी मिरची यांच्या फोडणीत पाणी उकळून त्यात चिमटीने बेसन पेरत एका हाताने ढवळत राहिले की पेरलेले पिठले होते, आधी पाण्यात बेसन कालवून ते फोडणीत ओतले की पातळ, भातावर घ्यायचे पिठले होते आणि घट्ट, कोरडसर केले की त्याला झुणका म्हणतात. घरात भाजी नसताना, रात्री उशिरा पाहुणा आला असताना किंवा ताप उतरून तोंडाची चव गेलेली असताना ज्या थोड्या पदार्थांवर मराठी घर निःशंकपणे विसंबते, त्यांत पिठल्याचा क्रम वरचा आहे. पुणे-नगर पट्ट्यात त्याच्या बरोबरीने हुलग्याच्या शेंगोळ्यांचे नाव घ्यावे लागेल. हुलग्याच्या पिठाच्या वळलेल्या लांबट वळकट्या लसणाच्या तिखट रश्श्यात शिजवून तयार होणारा हा पदार्थ पावसाळ्यातल्या गारठ्यात अंगात ऊब आणतो आणि त्यासोबत दुसरे काही लागतही नाही.

आजारी माणसासाठी शिजणाऱ्या अन्नाला मराठी घरात वेगळे स्थान आहे. गुरगुट्या मऊ भात, वर साजूक तूप आणि मेतकूट हे ताट पाहताच अनेकांना घर आठवते. मेतकूट हे भाजलेली हरभरा डाळ, उडीद डाळ, तांदूळ आणि गहू यांत धने, जिरे, मोहरी, मेथ्या, सुंठ, हळद व हिंग मिसळून दळलेले पीठ असते, म्हणजे भातासारख्या स्टार्चप्रधान अन्नाला प्रथिनांची आणि पाचक मसाल्यांची जोड त्यातून मिळते. आयुर्वेदात शोधन उपचारांनंतर रुग्णाला पूर्ववत आहारावर आणण्याचा जो क्रम सांगितला आहे त्याला संसर्जनक्रम म्हणतात. त्यात आधी मंड किंवा पेया, म्हणजे पातळ पेज, मग विलेपी, म्हणजे दाट मऊ भात, आणि त्यानंतर यूष, म्हणजे डाळीचे कढण, अशा पायऱ्यांनी पचनशक्तीला हळूहळू काम दिले जाते. घरोघरच्या आज्यांनी हा क्रम ग्रंथांतून वाचलेला नव्हता, तरीही पहिल्या दिवशी पेज, दुसऱ्या दिवशी मऊ भात आणि तिसऱ्या दिवशी मुगाचे वरण हा त्यांचा शिरस्ता त्याच्याशी जुळतो. ज्याच्यासाठी अन्न शिजते त्याची आजची प्रकृती काय, हे ओळखून शिजवणे, हीच या अन्नातली खरी आपुलकी आहे, आणि खाण्यातून व्यक्त होणाऱ्या मायेची हीच कसोटी मानावी लागते.

याच कसोटीचे एक कडक रूप लोणी काळभोरच्या पुढे उरुळी कांचनला पाहायला मिळते. महात्मा गांधी 1946 च्या मार्चमध्ये तेथे आले, त्यांनी काही दिवस राहून गावकऱ्यांवर निसर्गोपचार केले आणि त्यातून निसर्गोपचार आश्रम उभा राहिला, ज्याचे काम पुढे मणिभाई देसाई आणि विनोबांचे बंधू बाळकोबा भावे यांनी वाहिले. गरिबाला परवडतील आणि गावातच मिळतील अशा साधनांनी, म्हणजे माती, पाणी, ऊन आणि आहार यांनी, आरोग्य सांभाळावे, ही त्यामागची धारणा होती. आश्रमातले बेताचे, मसाल्यावाचूनचे जेवण जिभेचे लाड पुरवत नाही. तथापि यवतची पंगत आणि उरुळीचा आश्रम एकाच रस्त्यावर, एकमेकांपासून थोड्याच अंतरावर आहेत, आणि दोन्हीकडे परक्या माणसाला स्वस्त, स्थानिक, अंगाला मानवणारे अन्न आपलेपणाने दिले जाते, हे साम्य दुर्लक्षिण्याजोगे नाही.

घरातल्या मायेचा सर्वांत थोर स्वयंपाक मात्र बाळंतिणीसाठी होतो. डिंकाचे आणि मेथीचे लाडू, आळिवाची खीर, खसखस, बाळंतशेपा, शेपूची भाजी, लसणाची फोडणी दिलेले वरण आणि तुपात भिजलेली बाजरीची भाकरी, असा सव्वा महिन्याचा बेत माहेरी आधीपासूनच आखला जातो. पोषण संस्थेच्या तक्त्यांप्रमाणे 100 ग्रॅम बाजरीत सुमारे 6.4 मिलिग्रॅम लोह असते, तर तितक्याच सडीक तांदळात ते 1 मिलिग्रॅमहूनही कमी भरते. नाचणीतील कॅल्शियम सुमारे 350 मिलिग्रॅम, म्हणजे कोणत्याही प्रमुख धान्यापेक्षा कितीतरी अधिक असते. या बेतामागचे शहाणपण वादातीत आहे. प्रश्न एवढाच उरतो, की हे शहाणपण बाईच्या वाट्याला बाळंतपणातच का येते आणि त्याआधी व त्यानंतर का येत नाही.

हा प्रश्न कल्पनेतून आलेला नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत मातांच्या पोषणाचा दीर्घ अभ्यास सुरू केला. या गावांतल्या नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो भरले, आणि इंग्लंडमधील बाळांशी तुलना केल्यावर असे दिसले, की ही बाळे दिसायला बारीक असली तरी त्यांच्या शरीरात मेदाचे प्रमाण तुलनेने टिकून होते, जी पुढच्या वयात मधुमेहाकडे नेणारी घडण मानली जाते. आहाराविषयी या अभ्यासाने 2001 मध्ये मांडलेला निष्कर्ष फार बोलका आहे: गरोदर स्त्रीने एकूण किती उष्मांक किंवा किती प्रथिने घेतली यापेक्षा ती हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध किती वेळा खाते, याचा बाळाच्या वाढीशी अधिक जवळचा संबंध आढळला. शेतावर राबणाऱ्या या बायकांच्या घरी भाकरी होती. भाजीचा शेवटचा घास, पेलाभर दूध आणि फळाची फोड मात्र मुलांच्या आणि पुरुषांच्या पंगतीतच संपत असे, ही शेतकरी घरांतली परिचित स्थिती आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. चुलीपाशी बसून सगळ्यांना गरम भाकरी वाढणारी स्वतः गार, कोरडी भाकरी खाते, आणि त्याला त्याग म्हणून गौरवले जाते. हा गौरव थांबवून तिचे ताट आधी वाढणे हे या विषयातले सर्वांत निकडीचे काम आहे.

मायेचा दुसरा बिघाड आग्रहात होतो. लोणीच्या परिसरात आणि दौंड तालुक्यात ऊस आहे, गुऱ्हाळे आहेत, त्यामुळे गुळाची कमतरता कधी नव्हती, आणि पाहुण्याच्या पानात गोड पडलेच पाहिजे हा रिवाज त्यातून अधिकच पक्का झाला. दिवसभर औत हाकणाऱ्याला तुपाची धार घातलेल्या दोन पुरणपोळ्या जिरत होत्या. त्याच घरातला पोरगा आता हडपसरच्या कचेरीत आठ तास खुर्चीवर बसतो, तरीही त्याच्या पानातला आग्रह तसाच आहे. भारतात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीतून 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. गूळ साखरेहून गुणकारी आहे, या समजुतीने मधुमेही वडिलांना लाडू भरवणारी लेक माया करते खरी, पण रक्तातली साखर वाढवण्याच्या बाबतीत गूळ आणि साखर यांत फारसे अंतर नाही, हे तिला कोणीतरी सांगायला हवे. उपवासाच्या साबुदाणा खिचडीचेही तेच, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च. भगर आणि राजगिरा त्याहून कितीतरी सरस आहेत.

या भागातले पीकही आता पूर्वीचे राहिलेले नाही. खडकवासल्याहून निघणाऱ्या कालव्यांचे पाणी पूर्वेकडे आले तसा ज्वारी-बाजरीच्या जागी ऊस आला, आणि त्यानंतर काही ठिकाणी उसाच्या जागी गोदामे, तेल कंपन्यांची आगारे, महाविद्यालये आणि गृहसंकुले आली. आजच्या लोणीत भाकरीसाठी लागणारी चांगली शाळू ज्वारी बहुधा सोलापूरकडून, त्यातही मंगळवेढ्याच्या मालदांडीच्या नावाने येते, जिला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. लोणीतल्याच राजबाग परिसरातल्या विद्यापीठात परगावाहून शिकायला आलेल्या मुलांच्या खोलीत मेतकुटाची बरणी, शेंगदाण्याची चटणी आणि नाचणीच्या सत्त्वाचा डबा असतो, आणि पूर्वी तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला एसटीने जाणाऱ्या जेवणाच्या डब्याचे काम या बरण्या आता करतात. डब्यात तेल-साखरेचे पदार्थ भरून पाठवण्यापेक्षा भिजवलेले मूग, भाजलेले फुटाणे आणि खजूर पाठवणे मुलांना कदाचित कमी प्रेमाचे वाटेल, परंतु परीक्षेच्या जागरणात उपयोगी तेच पडते.

दर डिसेंबरात पुण्यात भरणाऱ्या भीमथडी जत्रेत महिला बचत गटांच्या दालनांवर हाच सगळा स्वयंपाक विकायला मांडलेला दिसतो: चुलीवरची भाकरी, पिठले, ठेचा, डिंकाचे लाडू, मेतकूट, हुलग्याचे पीठ. घरात जे काम मायेच्या नावाखाली मोफत गणले जाते त्याला तेथे दर लागतो, आणि एका भाकरीमागे किती सरपण, किती दळण आणि किती वेळ खर्ची पडतो, याचा हिशेब त्या बायका स्वतः मांडतात. शहरी गिऱ्हाइकाला तो दर चढा वाटतो, कारण घरच्या भाकरीला त्याने कधी पैसे मोजलेले नसतात. बचत गटांनी हा दर खाली आणू नये, आणि त्यातून आलेल्या पैशांतला काही भाग दूध, फळे आणि पालेभाजीच्या रूपाने त्यांच्या स्वतःच्या ताटात जावा, याकडे गटांना कर्ज आणि प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांनीही लक्ष पुरवले पाहिजे.