रक्तदाबाची गोळी आणि वैशाखाचें ऊन

सोलापुरांत वैशाखाच्या सुमारास पारा ४३-४४ अंशांपर्यंत चढतो. अशा दिवसांत घरांतील वडील माणूस सकाळीं उठतांना भोवळ येऊन पडलें, तर मंडळी ‘ऊन बाधलें’ असें म्हणून पन्हें पाजतात व निश्चिंत होतात. ऊन बाधलेलें असतेंच. परंतु त्याच्या जोडीला रक्तदाबाची गोळीहि आपलें काम करीत असते, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं.

या गोळ्यांपैकीं कांहीं लघवीवाटें शरीरांतील मीठ व पाणी बाहेर टाकून दाब उतरवितात. उन्हाळ्यांत घामहि तेंच करीत असतो. त्यांत निर्जळी एकादशीची किंवा जुलाब-वांत्यांची भर पडली, म्हणजे दाब प्रमाणाबाहेर खालीं येतो आणि मूत्रपिंडांस इजा पोहोंचते. यास्तव उन्हाळा लागण्यापूर्वींच डॉक्टरांस विचारावें, कीं मात्रा हीच ठेवावयाची काय, पाणी किती प्यावें, आणि जुलाब लागल्यास कोणती गोळी थांबवावयाची. त्यांचें उत्तर कागदावर लिहून घ्यावें. रात्रीं लघुशंकेस उठतांना प्रथम अंथरुणावर क्षणभर बसावें व मग उभें राहावें. दिवा लावणें ही आमच्या पिढीस उधळपट्टी वाटते. खुब्याचें हाड मोडल्यास काय खर्च येतो, तें एकदां कोणास तरी विचारून पाहावें!

‘मला बरें वाटतें, मग गोळी कशाला?’ हा प्रश्न तर नित्याचाच. अहो, वाढलेला दाब बहुधा जाणवतच नाहीं. येथें अनुमान चालत नाहीं, प्रत्यक्ष लागतें, आणि तें यंत्रानें मोजूनच मिळतें. शिवाय कांहीं गोळ्या एकाएकीं सोडल्यास दाब पूर्वींपेक्षांहि उसळी घेतो. हृदयविकार असलेल्यास तें जिवावर बेतूं शकतें.

वनस्पतीचें औषध निरुपद्रवी, ही समजूतहि अशीच दृढ आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं आपल्या सर्पगंधेचा ५० रोग्यांवरील अनुभव १९४९ सालीं ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्यें प्रसिद्ध केला, आणि या मुळीकडे पाश्चात्त्य वैद्यकाचें लक्ष वेधलें. १९५२ सालीं तिच्यांतून रिसर्पीन हें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. परंतु पुढें तें घेणाऱ्या कांहीं रोग्यांस नाक चोंदणें, ग्लानि, क्वचित् तीव्र विषण्णता असे उपद्रव झाल्याच्या नोंदी झाल्या. त्याच सर्पगंधेचें चूर्ण डॉक्टरांच्या गोळीवर गुपचुप घेणारे लोक आजहि आहेत.

याहून साधें उदाहरण ज्येष्ठमधाचें. ज्या गोळीच्या नांवाच्या शेवटीं ‘प्रिल’ येतें, तिनें कित्येकांस कोरडा खोकला लागतो. खोकला म्हणून घरांत ज्येष्ठमधाची कांडी दिली जाते. ती महिनोन्महिने चघळल्यास दाब वाढतो व रक्तांतील पोटॅशियम उतरतें. दाब वाढला म्हणून गोळी वाढते, आणि खोकला तसाच! वास्तविक खोकल्याची गोष्ट डॉक्टरांस सांगितली असती, तर गोळी बदलून काम भागलें असतें.

सैंधव उपवासास चालतें, पण तेंहि मीठच. ‘कमी सोडियमचें’ म्हणून मिळणाऱ्या मिठांत बहुधा पोटॅशियम असतें; ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ वर्गाची गोळी घेणाऱ्यांनीं तें विचारल्यावांचून वापरूं नये, कारण पोटॅशियम फार वाढल्यास हृदयाची गति बिघडते. गुडघ्यांसाठीं परस्पर आणलेल्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्याहि दाब वाढवितात. पुढील खेपेस डॉक्टरांकडे जातांना या गोळ्या, तें मीठ, चूर्णाची बाटली व ज्येष्ठमधाची पुडी, सर्व एका पिशवींत घालून न्यावें आणि त्यांच्यापुढें ठेवावें.