दापोली आपल्या मुलांना मानवेल का?

बारावी सायन्सचा निकाल लागला की पालक आम्हाला विचारतात, "दापोलीला घालावे का?" कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासूनचे, सरकारी. "शेती शिकायला कॉलेज कशाला?" असे एखादे अब्बा म्हणतातच. पण हापूस-नीलमच्या संकरातून 'रत्ना' आंबा काढला तो याच विद्यापीठाच्या वेंगुर्ले केंद्राने. मत्स्य महाविद्यालय रत्नागिरीजवळ शिरगावला आहे. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होडी-जाळे आहे, तिथल्या मुलाने मासळीचे शास्त्र शिकावे, यात कमीपणा कसला?

अडचण भाषेची. दहावीपर्यंत 'ज़ियाई तालीफ़' म्हणणाऱ्या उर्दू माध्यमाच्या मुलासमोर 'फोटोसिंथेसिस' येते आणि पुढची चार वर्षे सगळे इंग्रजीतच चालते. ही सवय अकरावीतच लावावी, सीईटीलाही तीच कामी येते.

मुलीला पाठवायचे असेल तर अम्मी-अब्बांनी आधी एकदा एसटीने जाऊन यावे. जवळचे रेल्वे स्टेशन खेड, पुढे घाट. वसतिगृह पाहावे, जेवणाचे विचारावे, शिकणाऱ्या मुलींशी बोलावे. आणि चिखलाचा कंटाळा असलेल्या मुलाला फी कमी म्हणून तिथे घालू नका. कृषीच्या शेवटच्या वर्षी शेतकऱ्यांबरोबर गावात काम करावे लागते.