बसमधील घर : आधी विजेचा हिशेब

जुन्या बसचे फिरते घर करून देणाऱ्या कारागीर बांधवांकडे मुठा खोऱ्यातील हिवाळी मुक्कामासाठी गिऱ्हाईक हीटर मागेल. त्याला हिशेब दाखवावा. 24 व्होल्ट, 150 अँपिअर-अवरच्या बॅटऱ्यांत 3600 वॉट-अवर वीज मावते. शिशाच्या बॅटरीची निम्मीच वापरावी. हजार वॉटचा हीटर ती पावणेदोन तासांत संपवतो. 30 वॉटचा पंखा रात्रभर चालूनही ती उरते. म्हणून वीज दिवे-पंख्यांना, स्वयंपाक गॅसवर. गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो. तळाशी झरोका ठेवावाच. थंडीसाठी पत्र्याला आतून अस्तर, खिडक्यांना जाड दुपदरी पडदे आणि रजया. बंद बसमध्ये कोळशाची शेगडी कदापि नको. तिच्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच जीव जातो. गाडीत बदल करण्यापूर्वी आरटीओची परवानगी घ्यावी.