पथ्यातील जिलेटिन : वेष्टन कसे वाचावे?

गेल्या चातुर्मासात एका जैन भगिनींनी आम्ही दिलेली कॅप्सूल तळहातावर ठेवून विचारले, “वैद्यराज, हे कवच कशाचे?” आतील चूर्ण वनस्पतिज होते, कवचाचा विचार मात्र आम्ही केला नव्हता. चौकशी करता ते जिलेटिनचे निघाले. दोन महिने त्यांच्या व्रताचा भंग आमच्याच हातून होत होता.

जिलेटिन म्हणजे प्राण्यांचे कातडे व हाडे यांतील कोलॅजेनपासून काढलेले प्रथिन. आयुर्वेदास मांस सर्वथा वर्ज्य नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात मांसवर्ग सविस्तर वर्णिला आहे. प्रश्न द्रव्याच्या गुणदोषांचा नसून रुग्णाने आपल्यावर टाकलेल्या विश्वासाचा आहे.

रुग्णांस पुढील क्रम सांगावा. प्रथम चिन्ह पाहावे. हिरव्या चौकटीतील हिरवे वर्तुळ शाकाहारी पदार्थाचे. मांसाहारी पदार्थास पूर्वी तपकिरी वर्तुळ असे. २०२० च्या नियमांन्वये तेथे तपकिरी त्रिकोण आला. दूध व मध प्राणिज असूनही शाकाहारी गणले जातात. जिलेटिन मात्र नाही.

नंतर घटकांची यादी वाचावी. जेली, मार्शमेलो, मऊ चघळण्याच्या गोळ्या, थंड पुडिंगे यांत जिलेटिन असण्याचा संभव अधिक. परदेशाहून आप्तांनी आणलेल्या खाऊवर आपले चिन्ह नसते. तेथे यादी हाच आधार. काही ठिकाणी नावाऐवजी ‘ई ४४१’ असा क्रमांक आढळतो. शेजारचा ४४० क्रमांक पेक्टिनचा. ते फळांपासून मिळते. ४०६ म्हणजे अगर, आपल्या स्वयंपाकघरातील चायना ग्रास, व ४०७ कॅरागीनन. दोन्ही समुद्रशैवालापासून होतात. म्हणून घट्टपणा आणणारा प्रत्येक पदार्थ त्याज्य ठरवू नये. माशांपासूनचे जिलेटिनही प्राणिजच, हे विसरू नये.

औषधांच्या वेष्टनावर असे चिन्ह असेलच असे नाही. तेथे जबाबदारी आपली. कवच सेल्युलोजचे, म्हणजे वनस्पतिज आहे काय, हे उत्पादकास लेखी विचारावे. पर्याय नसल्यास तेच द्रव्य चूर्ण, वटी वा क्वाथरूपाने योग्य अनुपानासह द्यावे. कॅप्सूल उघडून देण्यापूर्वी मात्र ते औषध तसे देण्याजोगे आहे ना, याची खात्री करावी.

त्या भगिनींस आम्ही झाले ते स्पष्ट सांगितले व चूर्ण दिले. तेव्हापासून रुग्णपत्रकात प्रकृती व अग्नी यांच्याबरोबर ‘आहारनियम’ हाही रकाना आम्ही ठेवला आहे. आपणही ठेवावा, ही विनंती.