नवे ब्रेक पॅड टाकले आणि डिस्क निळी पडली? घाबरायचं कधी, ते समजून घ्या!

मंडळी, गाडीला हौसेने महागातले 'परफॉर्मन्स' ब्रेक पॅड बसवले. गॅरेजमधून बोरीवली स्टेशनपर्यंत यायच्या आत प्रत्येक सिग्नलला 'चीsss' असा आवाज! तसंच रविवारी लोणावळ्याला जाऊन आलात, गाडी धुताना चाकाच्या आत डोकावलात, तर चकचकीत डिस्कवर निळसर-जांभळी झाक. आता पैसे पाण्यात गेले का? की गाडी चालवणंच धोक्याचं झालं?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर त्या आवाजात आणि रंगातच आहे. फक्त ते वाचता आलं पाहिजे.

ब्रेक मारल्यावर होतं काय?

ब्रेक गाडीच्या वेगाची उष्णता करतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी १२०० किलोची गाडी एकदा थांबवली, की साधारण १ लिटर पाणी उकळीला येईल एवढी उष्णता तयार होते. ती जवळपास सगळी डिस्क आणि पॅडलाच सोसावी लागते. परफॉर्मन्स पॅड जास्त तापमानाला टिकावेत म्हणून बनवलेले असतात. त्यातल्या अनेकांत धातूचं प्रमाण जास्त असतं. लिंक रोडच्या ट्रॅफिकमध्ये ते नीट तापतच नाहीत, म्हणून कुरकुरतात.

आवाज कोणता आहे?

काचेच्या ग्लासच्या काठावर ओलं बोट फिरवलं की तो वाजतो ना? तसंच पॅड डिस्कवर सूक्ष्मपणे अडकत-सुटत जातो आणि डिस्क वाजते. हळू वेगात, ब्रेक हलका दाबल्यावर येणारी बारीक शिट्टी बहुतेक वेळा हीच असते. पॅडमागची पातळ पट्टी (शिम) बसवायची राहिली, क्लिप जुन्याच ठेवल्या किंवा कॅलिपरच्या पिनांना ग्रीस लावलं नाही, तर ती वाढते. म्हणून आधी मेकॅनिककडून एवढं तपासून घ्या.

पण धातूवर धातू घासल्यासारखा 'खर्रर्र' आवाज, पेडल थरथरणं किंवा गाडी एका बाजूला ओढली जाणं, यांपैकी काही झालं तर गाडी पुढे दामटू नका.

रंग काय सांगतो?

* नारिंगी: पावसात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर आलेला वरवरचा गंज. सकाळी चार-पाच ब्रेक मारले की जातो.
* एकसारखा राखाडी: चांगली खूण. पॅडचा पातळ थर डिस्कवर बसला आहे.
* राखाडी ठिपके किंवा पट्टे: थर असमान बसला. 'डिस्क वाकली' म्हणून होणाऱ्या थरथरीमागे अनेकदा हेच कारण असतं.
* पिवळसर, मग जांभळा-निळा: डिस्क तापली. लोखंड-पोलादावर २०० अंश सेल्सिअसच्या पुढे पिवळसर झाक येते आणि ३०० च्या आसपास निळी. हा ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो.

दोन्ही पुढच्या चाकांवर सारखीच फिकट निळी झाक असेल, तडे नसतील, थरथर नसेल, तर सहसा डिस्क बाद होत नाही. एकच चाक निळं पडलं असेल, तर तिथला कॅलिपर अडकतोय आणि पॅड सतत घासतोय अशी शंका घ्या. डिस्कवर कोरलेली किमान जाडी आणि प्रत्यक्ष जाडीही मोजून घ्या. पातळ डिस्क लवकर तापते.

पॅड 'बसवून' घ्या

नवे पॅड लावल्यावर लगेच घाट गाठणं, ही नेहमीची चूक. आधी पहाटे मोकळ्या रस्त्यावर, मागे गाडी नाही हे बघून, ताशी ५०-६० वरून १५ पर्यंत वेग मध्यम दाबाने उतरवा. पूर्ण थांबू नका. थोडं अंतर ठेवून असं ८-१० वेळा करा. नंतर काही किलोमीटर ब्रेक फारसा न वापरता गाडी चालवून डिस्क गार होऊ द्या. पॅडच्या खोक्यावर वेगळी पद्धत दिली असेल, तर तीच पाळा. आणि तापलेल्या डिस्कवर पाणी कधीच मारू नका, तडा जाऊ शकतो.

खरी परीक्षा बोरघाटात

खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना ब्रेकवर पाय ठेवूनच गाडी चालवली, तर कितीही महाग पॅड असले तरी उष्णता साठतच जाते. ती ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. नवं डॉट ४ ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतला ओलावा शोषतं, आणि मुंबईच्या हवेत त्याची कमी नाही. जवळपास पावणेचार टक्के पाणी शिरलं की ही मर्यादा १५५ पर्यंत येऊ शकते. ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही.

म्हणून घाट खालच्या गिअरमध्ये उतरा आणि साधारण दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदला. जळका वास आला किंवा पेडल मऊ लागलं, तर खालच्या गिअरमध्ये वेग कमी करत सुरक्षित जागी थांबा.

नव्या पॅडची शिट्टी नुसती त्रासाची असेल, पण निळा रंग विनाकारण येत नाही. डिस्क बदलायच्या आधी ती का तापली ते शोधा. नाहीतर महिन्याभरात नवी डिस्कही निळीच दिसेल!